आत्याबाईंच्या हिरड्या

माझ्या सासूबाईंवर मी गूळ चोरून खाल्ल्याचा आळ घेतला होता. आळच म्हणायचा, कारण त्यांनी गूळ खाल्लाच नव्हता. हे मला कळायला दीड वर्ष लागलं, आणि तोवर मी आमच्या हिंगोलीच्या घरातला गुळाचा डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावत होते. नववी-दहावीला विज्ञान शिकवणारी बाई मी. आजही हे लिहिताना स्वतःचाच राग येतो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडे बऱ्याच घरांत सुना असंच म्हणतात. सासरे गेल्यावर त्या डोंगरकडा गावाजवळच्या आपल्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आल्या. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हळदीत आणि केळीच्या बागांत मजुरी करण्यात गेलेलं. त्या मजुरीवर पोरगा शिकवला, तो वीज खात्यात लागला. शहरातल्या दोन खोल्यांत त्यांना करमत नव्हतं, पण तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुखलं-खुपलं तरी सांगायच्या नाहीत. त्यांचा हा स्वभाव मला तेव्हा फार चांगला वाटायचा.

आल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांना शुगर निघाली. एक गोळी सुरू झाली. तिच्या दोन झाल्या, मग सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, त्यातून मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. तो आकडा सातच्या आसपास हवा, पण काही नऊच्या खाली येईना. डॉक्टरांकडे मीच घेऊन जायचे. शाळेतून अर्धी रजा टाकायची, दोन तास बाकावर बसायचं, आणि आत गेल्यावर डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता विचारायचे, "काय माय, गोड सुटत नाही का?"

आत्याबाई मान हलवायच्या. हो की नाही, ते कळायचं नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणायचे, "मॅडम, घरात लक्ष ठेवा. म्हातारी माणसं चोरून खातात. आता वाढली तर इंजेक्शनच चालू करावं लागेल."

त्यांनी पाय बघितले, डोळे तपासून आणायला सांगितले, लघवी तपासली. सगळं नियमाने. मी घरी येऊन लक्ष ठेवायला लागले. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. चहा बिनसाखरेचा झाला. आणि एक दिवस अंथरूण झटकताना त्यांच्या उशीखाली बिस्किटांचा अर्धा पुडा सापडला.

"आत्याबाई, हे काय?"

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मी विचारतेय, हे काय आहे? तिकडे डॉक्टर मला बोलतात, आणि इथे तुम्ही बिस्किटं लपवता?"

"भूक लागते ना बाई," त्या हळूच म्हणाल्या.

"मग भाकरी खा ना! मी उपाशी ठेवते का तुम्हाला? दोन भाकरी करून, झाकून जाते मी रोज."

त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खाली बघत बसल्या. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून लाजल्या. त्याच दिवशी मी गुळाचा डबा उघडून बघितला. ढेप मला आठवत होती त्यापेक्षा लहान वाटली. बिस्किट खाते ती गूळही खात असणारच, असा मी हिशोब केला आणि डबा कुलपात टाकला. कुलूप लावताना त्या दारातून बघत होत्या.

"मी काय चोर हाव का?" त्यांनी विचारलं.

चार दिवस आमचं बोलणं बंद होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुमी दोघी बघा आता काय ते." आईचा विषय निघाला की तो अंगावरचा शर्ट काढून ठेवावा तशी जबाबदारी काढून ठेवायचा. आधी त्याचा राग यायचा, मग म्हटलं, जाऊ दे, मीच बघते.

आता मागे वळून बघते तर सगळं समोरच होतं. बेसिनमध्ये रोज सकाळी तांबूस-काळे डाग पडलेले असायचे. आत्याबाई मिश्री लावतात; तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड, ती बोटाने दातांना घासायची. हळदीच्या मळ्यात सगळ्याच बाया लावायच्या. मिश्री लावली की भूक मरते, दुपारपर्यंत काम ओढता येतं. त्या डागांवरून मी कितीदा कटकट केली असेल. "बेसिन घासून घासून माझे हात गेले, आत्याबाई, ती मिश्री सोडा एकदाची." डागांत काळं किती आणि लाल किती हे मी कधी बघितलं नाही. उशीच्या अभ्र्यावर गालाच्या जागी गंजल्यासारखे ठिपके असायचे. तेही मी मिश्रीच्याच नावावर टाकले. बोलताना त्या पदर तोंडावर धरायच्या. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे. त्यांच्या जवळ बसलं की वास यायचा, त्यासाठी मी त्यांना बडीशेप आणून दिली होती. बडीशेप!

मी कळमनुरीला शाळेत शिकवते. गेल्या वर्षी आमच्या शाळेत दात तपासणीचं शिबिर झालं. हिंगोलीत दवाखाना असलेली एक तरुण दातांची डॉक्टर आली होती. मुलींच्या रांगेला शिस्त लावायचं काम माझ्याकडे होतं. एका मुलीच्या हिरडीतून तिने जरा टोचल्याबरोबर रक्त आलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, माझं रोजच येते." डॉक्टर म्हणाली, "हात धुताना रोज हातातून रक्त आलं तर चालेल का तुला?" मुलगी हसली, आजूबाजूच्या हसल्या. मी हसले नाही. मला बेसिन आठवलं.

मधल्या सुट्टीत चहा घेताना मी तिला सहज म्हणाले, "आमच्या सासूबाईंना शुगर आहे. इतक्या गोळ्या देऊनही खाली येत नाही. पथ्यच पाळत नाहीत."

"त्यांचं तोंड कुणी बघितलंय का?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "तोंड म्हणजे?"

"दात, हिरड्या. मॅडम, शुगरच्या पेशंटला पाय दाखव म्हणतात, डोळे दाखव म्हणतात, तोंड उघड कुणी म्हणत नाही."

मग तिने मला समजावून सांगितलं, आणि मी माझ्याच शाळेच्या स्टाफरूममध्ये विद्यार्थ्यासारखी ऐकत बसले. दातावर जो चिकट थर जमतो ती जिवाणूंची वस्ती असते. रोज निघाली नाही तर ती कडक होते, हिरडीच्या खाली उतरते. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये फट पडते. त्या फटीत ब्रश पोचत नाही, बोट तर नाहीच. तिथे पू होतो, आतलं हाड झिजतं, दात हलायला लागतात. शरीर तिथे दिवसरात्र लढत असतं आणि अशी सूज अंगात मुरलेली असली की साखर खाली यायला मागत नाही. इकडे साखर चढलेली असली की हिरड्या आणखी बिघडतात. दोन्ही एकमेकांना ओढत राहतात.

"सगळं हिरड्यांमुळेच असेल असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण बघायला तर पाहिजे ना. सगळ्या दातांभोवतीची सूज एकत्र केली तर केवढी जखम होईल बघा. एवढी जखम पायावर असती, तर तुम्ही त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं."

दाताचा उभा छेद मी दरवर्षी फळ्यावर काढते. खडूने हिरडीचा भाग गुलाबी करते. त्या दिवशी पाचव्या तासाला नववीला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

घरी आल्याबरोबर मी आत्याबाईंना म्हणाले, "तोंड उघडा."

"काहून?"

"बघायचंय."

"न्हाई. काय बघतीस त्यात? म्हातारीचं तोंड."

त्या काही केल्या उघडेनात. दाताच्या डॉक्टरकडे चला म्हणाले तर थेट उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. "दात काढला की नजर जाते. आधीच मला कमी दिसून राहिलं. तुला काय, आंधळी करून बसवायची का मला?" नजर शुगरने कमी झालीय, दात आणि डोळ्यांचा असा काही संबंध नाही, हे मी चार प्रकारे सांगितलं. आवाजही चढवला. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात दोघींची गेली." त्या दोघींनाही शुगर असेल हो, असं मी म्हणाले. उपयोग झाला नाही. ज्या बाईने कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, ती पंधरा दिवस नाहीच म्हणत राहिली.

शेवटी एके दिवशी जेवताना त्यांनी घास तोंडात घातला आणि बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. त्यात दात होता. आपला आपण पडला होता. त्यांनी तो बघितला, मी बघितला. "चला आता," मी म्हणाले. त्या उठल्या.

एवढ्याने झालं असतं तर काय हवं होतं! आधी आम्ही घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे दातांची खुर्ची बंद होती, सोमवारी या म्हणाले. सोमवारी गेलो तर डॉक्टर नव्हते. मग रिक्षा करून त्या शिबिरवाल्या डॉक्टरकडे गेलो. तिने आत्याबाईंना अदबीने बसवलं, हातात हात घेतला आणि तोंड उघडायला लावलं. बारीक सळईने हिरडी दाबली तसा पू वर आला. मी शेजारीच उभी होते. आणखी तीन दात नुसत्या बोटाने हलत होते. हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या.

"आजी, किती दिवसांपासून आहे हे?"

"झाले असतील चार वर्सं."

"चार वर्षं!" मी जवळजवळ ओरडलेच. "आणि तुम्ही सांगितलं नाही?"

आत्याबाई खुर्चीत आडव्या पडलेल्या होत्या, दिव्याच्या उजेडात. तिथूनच मला म्हणाल्या, "तू इचारलं का? तुमी सगळे साखरच इचारत होता."

डॉक्टरने विचारलं, "आजी, भाकरी चावता येते का?"

"न्हाई ना माय. दोन वर्सं झाली. कडा टोचतात, रक्त येतं. ही बिचारी भाकरी करून जाती, मग मी फाटकापाशी कुत्र्याला घालते. टाकून देऊ वाटत न्हाई. मग भूक लागली की बिस्किट चहात भिजवून खाते. ते आपोआप उतरतं."

ही बिचारी म्हणजे मी.

डॉक्टर म्हणाली, हे दात काढावे लागतील आणि हिरड्यांची खोलवर सफाई करावी लागेल, पण साखर एवढी असताना एकदम हात घालता येणार नाही. शुगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ते साहजिक होतं. आत्याबाईंना घेऊन मी चिठ्ठी आणायला गेले. पुन्हा अर्धी रजा, पुन्हा दोन तास बाकावर. आत गेल्यावर शुगरचे डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली येऊ द्या, मग दातांचं बघू."

"सर, दातांमुळेही ती खाली येत नसेल, असं त्या म्हणतात."

"दातवाल्या काय, सगळं दातांमुळेच म्हणणार. पथ्य पाळायला सांगा."

बाहेर येऊन मी दवाखान्याच्या आवारात उभी राहिले. एकजण म्हणतो साखर खाली आणा मग दात, दुसरी म्हणते दात नीट केले तर साखर खाली येईल, आणि मधे माझी सासू, तोंडात पू घेऊन. इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मग आता?" मी फोन ठेवून दिला आणि पुन्हा आत गेले. पुढचा पेशंट बसलेला होता. मी उभ्यानेच म्हणाले, "सर, तुम्ही या बाईचं तोंड एकदा बघा. फक्त एकदा. मग नाही म्हणा."

बाहेर बाकावर बसलेल्या आत्याबाईंना हाताला धरून समोर आणलं. "आ करा," मी म्हणाले. त्यांनी केला. डॉक्टरांनी मोबाइलचा दिवा लावला, वाकले, आणि पटकन मागे झाले. मग त्यांनी कागद ओढला आणि चिठ्ठी लिहिली, गोळ्यांमध्ये बदल केला, आणि दातांच्या डॉक्टरचा नंबर माझ्याकडून मागून घेतला. बोलले मात्र काही नाहीत. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. कोणतं, ते सांगता येणार नाही.

पुढे दोन महिने गेले त्यात. तीन दात काढले. एकेक करून, मधे दिवस सोडून. प्रत्येक वेळी घरी आल्यावर आत्याबाई एक डोळा मिटून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायच्या, मग दुसरा मिटून. आकडे दिसतात म्हटल्यावर झोपायच्या. हिरड्यांची सफाई चार बैठकांत झाली. मिश्रीवरून मात्र युद्धच झालं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की मिश्री चालू ठेवली तर हे सगळं पाण्यात. आत्याबाईंनी हो म्हटलं, आणि आठवड्याने डबी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीमागे सापडली. मी भांडले. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं लावली, एकदम कशी सुटंल? डोकं धरतं." मी डबी फेकली, दुसरी आली. कुठून आली ते आजपर्यंत कळलेलं नाही. आता दिवसातून एकदाच लावतात, असं त्या सांगतात. मला खरं वाटत नाही. रोज सकाळी मऊ ब्रश त्यांच्या हातात देऊन मी शेजारी उभी राहते, सात वाजताची गाडी चुकायची वेळ येते तरी.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. आकडा पहिल्यांदा आठाच्या खाली आला. चमत्कार नव्हे, गोळ्याही बदलल्या होत्या, बिस्किटंही गेली होती. त्यातलं हिरड्यांचं श्रेय किती, ते मला मोजता येणार नाही. पण इंजेक्शनचा विषय मागे पडला. शुगरचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "वा माय, पथ्य पाळलं वाटते या वेळी!" मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. काही बोलले असते तर फार बोलले असते.

त्या संध्याकाळी मी गुळाचा डबा कपाटातून काढून ओट्यावर ठेवला. आत्याबाई कांदा चिरत होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, माझी चूक झाली. मी तुम्हाला नको ते बोलले."

"कवा?"

"कुलूप लावलं होतं तेव्हा."

त्यांनी कांदा चिरणं थांबवलं नाही. "लावलं व्हतं खरं," त्या म्हणाल्या. "लई लागलं मला. मी तुझ्या गुळाला हात लावला नव्हता."

"माहीत आहे."

"आता माहीत झालं."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी आमटीत भाकरी कुस्करून, सावकाश, डाव्या बाजूने चावत पूर्ण खाल्ली. मी समोर बसून होते.

मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्या गावी गेलो होतो. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते. तिलाही शुगर आहे, तीही मिश्री लावते, आणि जेवताना ती पोळीचा मधला मऊ भाग तेवढा खात होती, कडा काढून ठेवत होती. माझ्याआधी आत्याबाईंनीच ते हेरलं.

"तोंड दाखव," त्या बहिणीला म्हणाल्या.

"काहून दाखवू?"

"दाखव म्हणते ना. रक्त येतं का तुझ्या हिरड्यातून?"

"येतं की. समद्यायचंच येतं. म्हातारपणी दात जायचेच, आक्का. त्याला काय दवाखाना?"

"माझी साखर उतरली तोंड साफ केल्यावर. इचार हिला."

मी सांगायला सुरुवात केली: जिवाणू, फट, सूज. बहीण ऐकून घेत होती, सुनेचा मान राखायला ऐकतात तसं. मग म्हणाली, "दात काढला की नजर जाते म्हणतात."

आत्याबाई उसळल्या. "माझी गेली का? हे बघ, त्या केळीच्या बागंत कोण उभं हाय ते मी इथून सांगते तुला!" आणि त्यांनी सांगितलं. चुकीचं सांगितलं, पण बहिणीला तेवढंही दिसत नसल्यामुळे तिला ते कळलं नाही.

ती काही आमच्याबरोबर हिंगोलीला आली नाही. हळद काढणी संपली की येते म्हणाली, मग लेकीकडचा कार्यक्रम निघाला, मग आणखी काही. जीपमध्ये बसल्यापासून कळमनुरी येईपर्यंत आत्याबाई चिडून बोलत होत्या. "ऐकतच न्हाई ती. इतकं समजावून सांगितलं तरी न्हाई. डोस्कं फिरतं माझं." बाजूला बसलेल्या अनोळखी बाईलाही त्यांचं सगळं सांगून झालं. हल्ली दर दोन दिवसांनी त्या बहिणीला फोन लावायला सांगतात आणि फोन उचलल्याबरोबर विचारतात, "गेली का दवाखान्यात?" पलीकडून काय उत्तर येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. फोन माझ्या हातात देऊन त्या म्हणतात, "तूच बोल आता." मग मी बोलते.